तिरकं तळं

पाणीखात्याच्या पंपघराची ती भिंत सत्तर फूट लांब होती आणि बावीस फूट उंच. वर्षानुवर्षं तिच्यावर शिकवणीवर्गांची पत्रकं चिकटत आली होती आणि खात्याची माणसं ती खरवडत आली होती. शेवटी खात्यातल्या अभियंता बाईंना सुचलं, की इथे एक मोठं चित्र काढून घ्यावं. पहाटेचं तळं, त्यात अकरा होड्या, पलीकडे डोंगर. चित्र असलं की पत्रकं चिकटवायला लोक जरा कचरतात, असा त्यांचा अनुभव. काम दादाला मिळालं आणि सोळा दिवसांची मुदत पडली.

दादा आणि त्याच्या हाताखाली भिंती रंगवणारी ती, दोघं सख्खी भावंडं. तो छप्पन्न वर्षांचा, ती सत्तेचाळीसची. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, ब्रश धरायला दोघंही त्यांच्याकडूनच शिकली. पुढे पाट्या छापून यायला लागल्या तेव्हा दादानं भिंती धरल्या आणि ती त्याच्या मागोमाग गेली. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षं दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजत होतं, ती म्हणजे दादा ऐकत नाही. रंग कोणता, सुरुवात कुठून, शिडी कुठे टेकवायची, सगळं त्यानं ठरवायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. ती काही बोलली की तो म्हणायचा, "घोडा विसरलीस का?" एका शाळेच्या भिंतीवर तिनं घोड्यांचा कळप रंगवला होता, त्यातल्या एका घोड्याला पाच पाय झाले होते. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पण दादाच्या लेखी तो घोडा अजून जिवंत होता आणि रोज चारा खात होता.

पहिल्या दिवशी ती कामावर नव्हती. मुलीला कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता, तिथल्या रांगेत तिचा अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर आखणी झालेली. पांढऱ्या भिंतीवर निळ्या खडूच्या रेघा, डोंगरांच्या कडा, होड्यांच्या जागा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तळ्याच्या पलीकडच्या काठाची लांबलचक रेघ. तिला बरं वाटलं पाहिजे होतं, कारण एवढ्या भिंतीची आखणी एका दिवसात होणं म्हणजे मोठंच काम. पण रेघेकडे बघताना तिला कसंसंच झालं. बोटीत पाय ठेवल्यावर होतं तसं.

"दादा, काठाची रेघ पाणसळ लावून मारलीस ना?"

"नाही, डोळे मिटून मारली."

"थट्टा नको करू. मला ती उतरती वाटतेय."

"तुला सगळंच उतरतं वाटतं." दादानं तिच्या हातात रोलर दिला. "डोंगर घे. वरून खाली ये. ऊन चढायच्या आत पहिला हात झाला पाहिजे."

मचाणावर लंबू आधीच चढला होता. लंबू म्हणजे सहा फूट तीन इंचांचा माणूस, पूर्वी विजेच्या खांबांवर चढायचा, आता दादाकडे उंचावरची कामं करायचा. आखणीच्या दिवशी दोरीचं दुसरं टोक त्यानंच धरलं होतं. तिनं त्याला हळूच विचारलं, तर तो म्हणाला, "दादांनी एका बांबूवर दहा फुटांची खूण केली. बांबू फुटपाथवर उभा करत करत पुढे गेलो. जिथे खूण, तिथे टिंब."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो रस्ता उताराचा होता. सायकलवाले वरून येताना पायडल मारत नसत, आणि खालून जाणारे उतरून हातानं सायकल ढकलत. फुटपाथ उतरता, म्हणजे त्यावरून मोजलेली रेघही उतरती. हे पाट्या रंगवणाऱ्याच्या पोरांना शिकवावं लागत नाही. वडील तर म्हणायचे, जमिनीवर विश्वास ठेवायचा नाही, फक्त पाण्यावर ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं टेप घेतला, लंबूला वर पाठवलं आणि छताच्या कडेपासून रेघेपर्यंत मोजून घेतलं. डाव्या टोकाला बारा फूट. उजव्या टोकाला साडेचौदा. तिनं आकडे कागदावर लिहिले आणि तो कागद दादाच्या डब्याशेजारी ठेवला.

दादानं कागद हातात घेतला, जरा लांब धरला, पुन्हा ठेवला. "काय आहे हे?"

"अडीच फुटांचा फरक आहे. वाच ना."

"वाचलं. मग छत तिरकं असेल."

"पंपघराचं छत अडीच फूट तिरकं? मग आतले पंप घरंगळत रस्त्यावर आले असते."

लंबूला हसू आलं, ते त्यानं पाण्याच्या बाटलीत लपवलं. दादाला हसू आलं नाही. "हे बघ छोटे, चित्र डोळ्यांनी बघायचं असतं, टेपनं नाही. लोक काय टेप घेऊन येणारेत?"

चौथ्या दिवशी तिनं घरून पाणसळ आणली. वडिलांचीच होती, लाकडी, मधे काचेची नळी आणि नळीत बुडबुडा. ती तिनं काठाच्या रेघेवर टेकवली. बुडबुडा सरळ डाव्या टोकाला जाऊन बसला. "ये, बघ," ती म्हणाली. दादा आला, वाकला, क्षणभर नळीकडे बघितलं आणि म्हणाला, "जुनी झालीय ती. बुडबुडा अडकतो." मग तिच्या हातातून पाणसळ घेऊन त्यानं हत्यारांच्या पेटीत टाकली आणि पेटीवर रंगाचा डबा ठेवला.

तिनं कामगारांसारखं तोंड मिटून काम करायचं ठरवलं. ते तिला अर्धा दिवस जमलं.

कारण रेघेवरच थांबलं असतं तर एक वेळ ठीक, पण आता निळ्याचं सुरू झालं. रंग कालवायचं काम दादाचं. तो बादलीत पांढरा ओतायचा, त्यात निळा, किंचित काळा, मग काठी फिरवून काठीला लागलेला रंग भिंतीवर लावून मागे सरकून बघायचा. पहाटेचं पाणी, म्हणजे त्यात राखाडी हवा, थोडा गुलाबी हवा. पण दादा प्रत्येक वेळी म्हणायचा, "मेलेलं वाटतंय. मळकट. अजून निळा घाल." ती घालायची. "अजून." ती आणखी घालायची. सहाव्या दिवशी दुपारी तळं प्लास्टिकच्या बादलीच्या रंगाचं झालं होतं. बघून दात आंबावेत असा निळा.

"दादा, हे पाणी आहे की नीळ?"

"तुला मळकट आवडतं, म्हणून सगळ्या भिंती मळकट करायच्या का?"

"पहाट आहे ही. पहाटे पाणी असं नसतं."

"तू कधी उठलीस पहाटे?"

नर्सबाई बाजूलाच होड्यांची नक्षी भरत होत्या. या खरोखरच्या नर्स, तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर चित्रकला शिकल्या आणि हात एवढा बारीक चालला की दादानं त्यांना बोलावून घेतलं. त्या सहसा कुणाच्या भांडणात पडत नसत. त्यांनी ब्रश खाली केला, दादाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलणार होत्या तेवढ्यात दादा म्हणाला, "बाई, तुमची होडी वाळतेय." त्या पुन्हा होडीकडे वळल्या.

रोज सकाळी काठी टेकत फिरायला जाणारे एक आजोबा भिंतीपाशी थांबायचे. त्या दिवशी ते बराच वेळ मान एका बाजूला कलती करून बघत राहिले आणि म्हणाले, "तळं सांडतंय हो तुमचं." दादा मोठ्यानं हसला. ती हसली नाही. सहा दिवस झाले होते, तळं तीन-चतुर्थांश भरलं होतं, पाच होड्या पूर्ण झाल्या होत्या आणि पाचही होड्या उताराला लागल्या होत्या. प्रत्येक नव्या होडीबरोबर पुढे खोडायचं काम वाढत होतं, आणि ते तिच्याशिवाय कुणाला दिसत नव्हतं, किंवा दिसून कुणी बोलत नव्हतं. त्या संध्याकाळी घरी तिनं भाजी करपवली. मुलगी म्हणाली, "मामा का?" तिनं मान हलवली. मुलीनं दही पुढे सरकवलं.

सातव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं दादाचा हात धरला. "चल. रस्त्यापलीकडे चल."

"कशाला?"

"सात दिवसांत तू एकदाही पलीकडून बघितलं नाहीस. सगळ्या भिंतींना तू दहा-दहा वेळा लांब जाऊन बघतोस, माझं डोकं खातोस. या भिंतीला का नाही?"

"रहदारी बघ किती आहे."

"मी आहे ना. चल."

तिनं त्याला जवळजवळ ओढतच पलीकडे नेलं. समोर एक चपलांचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर दोघं उभी राहिली. इथून सगळं स्पष्ट दिसत होतं. छताची कडा सरळ आणि खाली पाणी उजवीकडे कललेलं, जणू कुणीतरी परात एका बाजूनं उचलली होती. होड्या ओळीनं खाली चालल्या होत्या. आणि तो निळा. एवढ्या लांबूनही तो निळा अंगावर येत होता.

"बघ," ती म्हणाली.

दादानं बघितलं. छाती भरून श्वास घेतला. "छान दिसतंय की."

तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही, कारण दुकानात गिऱ्हाईक होतं. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो अगदी शांतपणे भिंतीकडे बघत होता, डोळे किंचित बारीक करून. भिंतीच्या जरा वरच बघत होता. तिच्या मनात काहीतरी आलं, आणि ते नीट कळायच्या आतच ती बोलून गेली.

"दादा, मचाणावर कोण आहे?"

"म्हणजे?"

"आत्ता. मचाणावर कोण बसलंय?"

दादानं मान पुढे काढली. "लंबू. आणखी कोण असणार?"

मचाणावर कुणी नव्हतं. लंबू खाली सावलीत डबा खात होता. मचाणाच्या कठड्यावर एक ओलं गोणपाट वाळत टाकलेलं होतं, एवढंच.

तिनं त्याचा दंड घट्ट धरला. त्यावरूनच त्याला कळलं असावं. तो पायरीवर बसला. चपलांच्या दुकानवाल्यानं बाहेर डोकावून बघितलं आणि परत आत गेला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दीड वर्ष झालं. आधी उजवा. आता डावाही."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. मोतीबिंदू आहे. काढता येतो म्हणाले."

"काढता येतो." तिनं ते शब्द परत म्हटले, कारण तिचा विश्वास बसत नव्हता. "काढता येतो आणि तू दीड वर्ष तसाच फिरतोयस?"

"एका मागोमाग कामं होती. एक डोळा केला की महिनाभर धूळ नको, वाकायचं नाही, शिडी नको. मग दुसरा. दोन महिने गेले. तेवढ्यात लोकांना कळलं की याला दिसत नाही, तर कोण देईल भिंत?"

"आणि पाणसळ?"

"बुडबुडा दिसत नाही मला. नळी दिसते. बुडबुडा नाही." तो हातांकडे बघत होता. हातांवर तो निळा वाळून भेगाळला होता. "बांबूवर खूण मी सुरीनं पाडली होती. बोटाला लागते."

तिला एकदम त्याची दया यायला हवी होती. तशी ती थोडी आलीही. पण दयेच्या खाली संताप तसाच होता, उलट आता त्याला धड जागाही उरली नव्हती. दिसत नसलेल्या माणसावर कसं चिडायचं? आणि का नाही चिडायचं? सहा दिवस त्यानं तिला वेड्यात काढलं होतं. छत तिरकं म्हणाला होता. वडिलांच्या पाणसळीला नावं ठेवली होती.

"ऐक," दादा म्हणाला. "आता दुरुस्त तर करावंच लागेल. सगळ्यांना सांग, रेघ तू तपासली होतीस आणि तुझी नजरचूक झाली. तुझं काय जातं? तुला काही बोलणार नाहीत."

ती पायरीवरून खाली उतरली.

"नाही," ती म्हणाली.

"छोटे..."

"नाही सांगणार. माझा घोडा मी नऊ वर्षं पाळला. हे तळं मी पाळणार नाही. तुझं तू सांग."

ती एकटीच रस्ता ओलांडायला निघाली, अर्ध्यावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की मागे तो एकटा आहे आणि समोरून टेम्पो येतोय. ती चरफडत परत वळली, त्याचा हात धरला आणि त्याला पलीकडे आणलं.

दादानं सांगितलं, पण त्याच्याच पद्धतीनं. कंबरेवर हात ठेवून सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आखणीत गडबड झालीय. माझ्याकडून. जरा डोळ्यांचा त्रास आहे. सगळं पाणी पुन्हा करायचं." मग बादल्या आवरायला लागला, जणू विषय संपला.

लंबूनं डबा बंद केला. "दादा, मला वाटलंच होतं. तुम्ही मला तीनदा आपल्या जुन्या वेल्डरच्या नावानं हाक मारलीत. तो गेल्या वर्षीच काम सोडून गेला."

"मग बोलला का नाहीस?" ती म्हणाली.

"मी काय बोलणार? ताई, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

नर्सबाईंनी ब्रश पुसला. "मी त्यांना दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. बुबुळ पांढुरकं दिसायला लागलंय. निळा रंग तर आधी जातो त्यात, सगळं पिवळट दिसतं. म्हणून ते सारखा निळा मागतात. मला म्हणाले, बाई, कुणाला बोलू नका. मी तीस वर्षं पेशंटची गुपितं सांभाळली, सवयच आहे." त्या जरा ओशाळल्या. "चुकलंच माझं. होड्या वाया गेल्या."

संध्याकाळी तिनं वहिनीला फोन केला. वहिनी शांतपणे म्हणाली, "वन्सं, मला वाटलं तुम्हाला माहीतच असेल. दिवसभर तुम्हीच असता त्यांच्याबरोबर. घरी तर टीव्हीला नाक लावून बसतात. मी सांगून सांगून थकले."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. लंबूला कळलं होतं, नर्सबाईंना कळलं होतं, वहिनीला कळलं होतं. फुटाच्या अंतरावर बसून रोज त्याच्याशी भांडणाऱ्या तिलाच कळलं नव्हतं. तो कागद लांब धरतो हे तिनं बघितलं होतं, पण तिला तो आखडूपणा वाटला होता. आता तिला स्वतःचाही राग आला, आणि तो राग कुठे ठेवायचा तेही कळेना. तिनं भांडी घासायला घेतली, घासून झालेलीही पुन्हा घासली.

आठव्या दिवशी तिनं पारदर्शक नळी आणली, तीस मीटरची. नळीत पाणी भरून दोन टोकं वर धरली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं, मग मधे रस्ता असो की डोंगर. एका टोकाला नर्सबाई, दुसऱ्या टोकाला ती, मचाणावर लंबू. नवी रेघ मारायला पाऊण तास लागला. पाऊण तास. ते काम पहिल्या दिवशी झालं असतं तर आज अर्धं चित्र उभं असतं, हे ती मनातल्या मनात तीनदा म्हणाली आणि एकदा मोठ्यानंही.

मग जुन्या पाण्यावर पांढरा हात मारायचा होता. दादानं रोलर उचलला. "मीच मारतो. माझंच आहे."

तो मारत गेला. स्वतःच्या हातानं कालवलेल्या निळ्यावरून, नर्सबाईंच्या पाच होड्यांवरून, त्यातल्या एका होडीची वल्ही तर इतकी नाजूक होती की रोलर त्यांच्यापाशी येऊन क्षणभर थांबला. नर्सबाई दुसरीकडे बघत होत्या. तीही मागोमाग रोलर घेऊन चालत होती, कारण दादाच्या हातून जागा सुटत होत्या.

"डावीकडे राहिलंय," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

"नाही दिसत तुला."

"बरं, नाही दिसत. कुठे?"

"हातभर खाली. अजून. तिथे."

दिवसभर हेच चाललं. दादाला हे नवीन होतं, आणि तिलाही. तो प्रत्येक सूचना ऐकायचा, पण ऐकताना असा चेहरा करायचा की ऐकलं नसतं तर बरं. दुपारपर्यंत तिचा घसा बसला. चार वाजता ती म्हणाली, "आता तू बस." तो बसला नाही, झाडू घेऊन फुटपाथ झाडायला लागला आणि धूळ उडून ओल्या रंगावर बसली. ती फक्त लंबूकडे बघून म्हणाली, "तू सांग त्यांना. मी सांगितलं तर मी काहीतरी फेकून मारीन."

दहाव्या दिवशी अभियंता बाई आल्या. पांढरी भिंत बघून त्या चक्रावल्या. तिनं सगळं समजावून सांगितलं, डोळ्यांचं सोडून. फक्त "आखणीत चूक" एवढंच म्हणाली. दादा शेजारी उभा होता, त्यानं घसा खाकरला आणि वाकून डब्याचं झाकण लावायला लागला.

"अरेरे," अभियंता बाई म्हणाल्या. "मी परवा गाडीतून जाताना बघितलं होतं. मला तर आवडलं होतं. पाणी वाहतंय असं वाटायचं."

"तळं वाहत नाही, बाई," ती म्हणाली.

"हो, पण छान वाटत होतं. आणि निळा किती प्रसन्न होता."

मग तिनं मुदत वाढवून मागितली. बाईंनी चार दिवस वाढवून दिले, मुदत वीस दिवसांची झाली आणि त्याहून एक तासही जास्त मिळणार नव्हता, कारण उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते.

त्या दहा दिवसांत चित्र झालं. अकरा होड्यांच्या सात झाल्या, डोंगराचा एक थर गाळला. रंग ती कालवायची. बादलीत काठी फिरवताना दादा शेजारी येऊन उभा राहायचा, नेमानं म्हणायचा, "मेलेलं आहे," आणि ती नेमानं म्हणायची, "असू दे." एकदा तो म्हणाला, "तुला खात्री आहे ना?" तेव्हा तिला खात्री नव्हती. राखाडीत गुलाबी किती घालायचा हे बावीस वर्षं त्यानंच ठरवलं होतं. तो नुसत्या अंदाजानं घालायचा आणि तो बरोबर असायचा. तिनं एक वाटी जास्त घातली, मग वाटलं जास्त झाला, मग पांढरा घातला, मग रंग बादलीत मावेना. शेवटी नर्सबाईंनी बघून मान हलवली तेव्हा तिनं रोलर बुडवला. चिडायला समोर कुणी नसलं की काम जास्त अवघड जातं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

उद्घाटन झालं. मोठ्या साहेबांनी भिंतीकडे पाठ करून भाषण केलं, फोटो निघाले आणि सगळे निघून गेले. पुढच्याच आठवड्यात वहिनी आणि ती, दोघी मिळून दादाला दवाखान्यात घेऊन गेल्या. आदल्या दिवशी तो दोनदा म्हणाला होता की डाव्या डोळ्यानं चालतंय की. वहिनीनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया वीस मिनिटांत झाली. दीड वर्ष ज्या गोष्टीला घाबरला ती वीस मिनिटांची निघाली, हे तिनं बाहेरच्या बाकावर बसून वहिनीला सांगितलं, तर वहिनी म्हणाली, "वन्सं, हे त्यांना सांगू नका. उगाच डोक्यात राख घालून घेतील."

दहा दिवसांनी एका सकाळी दादा तिच्या दारात उभा. काळा चष्मा, हातात डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली.

"भिंत बघायचीय."

"डॉक्टरांनी धुळीत जाऊ नको म्हटलंय."

"रस्त्यापलीकडून बघीन."

दोघं गेली. या वेळी रस्ता त्यानं एकट्यानं ओलांडला, तिचा हात झटकून. चपलांच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिला, चष्मा काढला, डावा डोळा तळहातानं झाकला आणि उजव्यानं बघायला लागला. बराच वेळ. आधी छताची कडा, मग डोंगर, मग काठाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती वाट बघत होती. एवढ्या दिवसांच्या कटकटीनंतर काहीतरी तर म्हणेल, असं तिला वाटत होतं. काय ते तिनं ठरवलं नव्हतं, पण काहीतरी.

"रंग बरोबर आहे," तो म्हणाला.

तो पुढे बोलला.

"तिसरी होडी बघ. डावीकडून."

"काय झालं तिला?"

"सूर्य कुठून उगवतोय? उजवीकडून. बाकी सगळ्या होड्यांच्या सावल्या डावीकडे पडल्यात. तिची उजवीकडे."

तिनं बघितलं. तिसरी होडी तिनंच केली होती, एकोणिसाव्या दिवशी, उन्हात, घाईघाईत. सावली उजवीकडे होती. वीसेक दिवस रोज येता-जाता हजारो माणसं त्या भिंतीवरून गेली होती, मोठे साहेब गेले होते, अभियंता बाई गेल्या होत्या, आणि कुणी एक शब्द बोललं नव्हतं. आणि हा एका डोळ्यानं आला आणि त्यानं पाच मिनिटांत शोधून काढलं.

"कुणाला दिसणार आहे ते?" ती म्हणाली.

"मला दिसतंय."

तिला भयंकर राग आला. त्याच्या आवाजात जुनाच सूर होता, सगळ्या भिंतींचा, सगळ्या वर्षांचा. घोड्याचं नाव मात्र त्यानं काढलं नाही. तो ओठ आवळून उभा होता. काढावंसं वाटत असूनही तो गप्प आहे, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"शिडीवर तू चढणार नाहीस," ती म्हणाली.

"नाही चढत. खालून सांगतो."

"सांगायचंही नाही."

"बरं." तो चष्मा घालत म्हणाला. मग जरा थांबून, "पण सावलीत काळा नको घालू. नुसताच गडद राखाडी."

तिनं पिशवीतून फोन काढला आणि लंबूला लावला. उद्या सकाळी सहाला शिडी घेऊन ये, म्हणाली, आणि राखाडीचा छोटा डबा. पलीकडून लंबूनं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "काही नाही. यांना दिसायला लागलंय."